भेकरासाठी शिसं

अण्णा, त्या माणसाने टेबलावर ठेवलेली गोळी आधी मी उचलली होती, तुम्ही नाही. तुम्ही भट्टीतल्या शिशावरची मळी पळीने काढत होतात आणि तुमची पाठ दाराकडे होती. कॅम्प पाचमधल्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारच्या वेळी गिऱ्हाईक सहसा फिरकत नसे. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते, नोकरी नव्हती, आणि घरी बसून आईची बोलणी खाण्यापेक्षा तुमच्याकडे येऊन शिशाची सील मोजून पिशव्यांत भरत बसायचे. तुम्ही अंबरनाथच्या कारखान्यातून लवकर निवृत्ती घेतली होती. आयुष्यभर तिथल्या प्रयोगशाळेत धातूचे तुकडे तपासलेत, आणि आता मीटरची सील आणि कोळ्यांच्या जाळ्यांची वजनं ओतत होतात. आई म्हणायची, हे म्हणजे उतरणीला लागणं झालं. तुम्हाला तसं कधी वाटलं नाही. निदान तुम्ही तसं दाखवलं नाही.

तो माणूस पांढऱ्या जीपमधून आला होता. पालेगावकडच्या जमिनी विकून आलेला पैसा त्याच्या बोटांत आणि गळ्यात दिसत होता. बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या रस्त्याला त्याचं फार्महाऊस होतं हे नंतर कळलं. खुर्चीवर न बसता त्याने खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि आतली गोळी टेबलावर ठेवली. मी ती उचलली. तिचं टोक जरासुद्धा दबलेलं नव्हतं. अंगावर बंदुकीच्या नळीतल्या पिळाच्या तिरप्या रेघा तेवढ्या होत्या.

"बेटी, पप्पांना दाखव. मेटलचं त्यांना समजतं असं ऐकलंय."

तुम्ही हात पुसत आलात. त्याने सांगायला सुरुवात केली, अगदी मोकळेपणाने, जणू मोटारीचा बिघाड सांगतोय. वडिलांपासूनची रायफल आहे, पिकाच्या राखणीचा परवाना आहे. पण परवान्यावरची काडतुसं मोजून मिळतात, झाडलेल्याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून तो रिकामी काडतुसं पुन्हा भरतो आणि गोळ्या घरीच ओततो. आधी बॅटरीवाल्याकडचं मऊ शिसं वापरलं, तर ते नळीत चिकटून बसायला लागलं आणि नेम जायला लागला. मग एक बंद पडलेला छापखाना मिळाला. तिथले खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, वितळवून ओतली. नळी स्वच्छ राहिली, पण गोळी फार कडक झाली. सांबराच्या अंगातून इकडून तिकडे निघून गेली, ही तीच, मागच्या मातीत सापडलेली. सांबर पळालं. चार दिवसांनी वाडीच्या लोकांना ओढ्यात सापडलं, तोवर त्याला अळ्या पडल्या होत्या.

"फुकट गेलं ना सगळं," तो म्हणाला. "आता भेकराच्या मागे आहे, ते लहान हरीण. मधलं काहीतरी सांगा. नळीत बसणार नाही आणि जनावर जागच्या जागी पडेल."

त्यानंतर जे झालं ते मी आजपर्यंत अनेकदा मनात फिरवून पाहिलं आहे. तुम्ही गोळी हातात घेतलीत. अंगठ्याच्या नखाने ओरखडा काढून पाहिलात, उठला नाही. फरशीवर टाकून तिचा आवाज ऐकलात. मग खुर्ची ओढून बसलात आणि त्याला प्रश्न विचारायला लागलात. किती लांबून मारता? दारू किती जोराची? नळीत शिसं चिकटतं ते तोंडाशी की मागच्या बाजूला? तो उत्तरं देत होता आणि तुम्ही मान डोलवत होतात. मग म्हणालात, "खिळ्यांमध्ये अँटिमनी जास्त असतं. त्याने कडक होतं, पण ठिसूळही होतं. हाडाला लागलं तर फुटेल, नाहीतर सरळ आरपार जाईल. तुम्हाला कडकपणा कथिलाने आणायला पाहिजे. मऊ शिसं घ्या, खिळे नावाला टाका, आणि कथील..." आणि किती कथील ते तुम्ही बोटांवर सांगितलंत. "मग ती आत गेल्यावर उमलेल. फुटणार नाही, उमलेल."

तो हसला. "बस. हेच पाहिजे होतं. किती दिवसांत ओतून देता?"

मी तुमच्याकडे पाहत होते, म्हणून मला दिसलं: तुम्ही कुठूनतरी लांबून परत आलात. गोळी रुमालावर ठेवलीत, रुमालाची चारी टोकं तुम्हीच जुळवलीत.

"माझ्या भट्टीत हे होणार नाही."

"का? आत्ता तर एवढं सांगितलंत."

"तुम्ही अडचण सांगितली, मी बोलून गेलो. पण शिकार बंद आहे. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. इथे होणार नाही."

त्याला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. त्याने रुमाल खिशात टाकला आणि दारात थांबून म्हणाला, "भट्टीचं काय हो, गॅसच्या शेगडीवर पण होतं. मिश्रण तर दिलंत ना तुम्ही." जीप गेली. तुम्ही भट्टीकडे वळलात, तर तोवर शिसं जास्त तापून त्यावर पिवळा थर धरला होता. तुम्ही ते तसंच राहू दिलंत.

त्या रविवारी तुम्ही मला म्हणालात, "चल, जरा बदलापूरला जाऊन येऊ." आईला वाटलं शिरगावात कुणी फ्लॅट दाखवणार आहे. आपण स्टेशनबाहेरून सहा आसनी रिक्षा धरली, बारवीच्या रस्त्याला उतरलो आणि चालायला लागलो. भातं कापून झाली होती, खाचरात नुसतं धसकट उरलं होतं. ज्या वाडीच्या लोकांना सांबर सापडलं होतं ती वाडी तुम्ही विचारत विचारत शोधलीत. आपल्याशी बोलायला एकच बाई पुढे आली, साठीच्या पुढची, कमरेला कोयता अडकवलेली. तिने आपल्याला अंगणात बसवलं, पाणी दिलं आणि तुम्ही कोण, कुठल्या खात्याचे, हे आधी विचारून घेतलं.

तुम्ही म्हणालात, "खात्याचा नाही. एवढंच सांगायला आलो की त्या फार्महाऊसवाल्याच्या बंदुकीत आता नेम सुधारेल. रानात जाताना जपून जात जा."

ती तुमच्याकडे बघतच राहिली. "आवं, आमी रोजचं आईकतो त्ये बार. आमाला ठावं नाय व्हय? माजा जावयच जातो त्येच्या संगं हाका घालाया. जनावर उठवून द्यायचं, मंग त्यो मारतो."

"त्याला म्हणावं जाऊ नको."

"आनि खाया काय घालू? तुमी देता?" ती चिडून नाही, खरंच विचारत होती. आतून तिची मुलगी बाहेर येऊन चौकटीला टेकून उभी राहिली. दिवस भरत आलेले दिसत होते. उठताना तुम्ही आपल्या शेडचा पत्ता सांगितलात, कॅम्प पाच, पाण्याच्या टाकीसमोरची गल्ली, शिसंवाला म्हणून विचारा. परत येताना मी म्हटलं, एवढ्या लांब येऊन काय मिळवलं आपण? तुम्ही म्हणालात, "त्यांना कळलं तरी." मला तेव्हा ते फार तोकडं वाटलं.

हिवाळा सरता सरता ती बाई खरंच आली. सकाळची वेळ होती, तुम्ही भट्टी पेटवतच होतात. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली आणि पदराची गाठ दातांनी सोडली. गाठीतून शिशाचा एक गोळा तुमच्या तळहातावर ठेवला.

"ह्ये बघ. तू शिसंवाला ना? सांग ह्ये काय हाय."

जावई हाका घालत पुढे गेला होता. झाडीत पानं हलली, आणि जीपवाल्याने भेकर समजून बार काढला. गोळी जावयाच्या मांडीत, कमरेच्या खाली घुसली. त्याला सरकारी दवाखान्यात नेलंच नाही. जीपमध्ये घालून एका खासगी दवाखान्यात नेलं आणि कुंपणाची सळई घुसली असं सांगितलं. पोलिसांना कुणी कळवलं नाही. गोळी काढून वाडग्यात टाकली होती, ती म्हातारीने कुणाचं लक्ष नसताना उचलली. पाय वाचेल असं डॉक्टर म्हणत होता, पण मांडीच्या आतलं सगळं फाटलं होतं. "येवढंसं भोक पुढं," ती म्हणाली आणि बोटाचं टोक दाखवलं. मग पूर्ण मूठ दाखवली. "आनि आत येवढं."

तुम्ही गोळी उजेडात धरलीत. टोकाची पाकळी पाकळी होऊन मागे वळली होती, आणि एकही पाकळी तुटली नव्हती. तुम्ही नखाने ओरखडा काढलात. मी केमिस्ट्री शिकलेली मुलगी, मला विचारायची गरज नव्हती. जशी उमलेल असं तुम्ही म्हणाला होतात, तशीच उमलली होती.

"हे माझं आहे," तुम्ही म्हणालात.

म्हातारीला कळलं नाही. तुम्ही खाली तिच्यासमोर उकिडवे बसलात आणि तिला सगळं सांगितलंत. तो कसा आला, तुम्ही काय बोलून गेलात, कशाला नाही म्हणालात. मला वाटलं आता ती शिव्या देईल. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मंग तुला ठावं हाय ह्ये त्येच्याच बंदुकीचं. चौकीत सांगशील?"

तुम्ही म्हणालात, "सांगेन."

आई त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्यावर ओरडली. "त्या पोराचा दवाखान्याचा खर्च तोच माणूस करतोय. पोरालाच तक्रार नको आहे. मग तुम्हाला कशाला पाहिजे? घरात लग्नाची मुलगी आहे. तुम्ही ओतली का गोळी? नाही ना? मग?" तुम्ही जेवत होतात. म्हणालात, "गोळी कुणाची हे सांगणारा दुसरा कुणी नाही." आई म्हणाली, "तर मग नसू दे." आणि पुढे कितीतरी दिवस ती तुमच्याशी कामापुरतंच बोलली. ताट वाढायची आणि आत निघून जायची.

चौकीत आपण तिघं गेलो, तुम्ही, मी आणि ती म्हातारी. साहेबांनी तिला उभं ठेवलं आणि आपल्याला बसायला सांगितलं. तुम्ही उठून उभे राहिलात. मग मीही उठले. तुम्ही सांगायला लागलात तसं साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही बनवलं का हे?"

"नाही."

"मग स्वतःचं नाव कशाला घुसवता यात? म्हातारीची तक्रार घेतो ना मी."

"साहेब, नुसती गोळी बघून ती कुणाची हे कसं कळणार? बाजारातल्या भंगार शिशात एवढं कथील नसतं. हे प्रमाण मी त्याला सांगितलं होतं, माझ्या मुलीसमोर. त्याच्या फार्महाऊसवर उरलेलं शिसं सापडेल. दोन्ही तपासा. जुळलं नाही तर मला आत टाका."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू होतीस?"

"होते," मी म्हटलं. साहेबांनी पेन उचललं, तेव्हा पुन्हा म्हटलं. "होते."

दोन्ही जुळलं. फार्महाऊसच्या मागच्या खोलीत साचा सापडला, शेगडी सापडली, आणि एका डब्यात न वितळलेले खिळे. रायफल जप्त झाली. त्याला अटक झाली आणि लगेच जामीन मिळाला. चौकीच्या आवारात तो कुणाशीतरी मोठ्याने बोलत होता, आपल्याला ऐकू जावं म्हणूनच. "यांना आपल्यावर राग असतोच. निमित्त पाहिजे असतं." 'यांना' म्हणजे आपल्या जातीला, ते तुम्हालाही कळलं आणि मलाही. तुम्ही माझा दंड धरलात आणि चालत राहिलात.

मग जीप यायला लागली. दुपारी आपल्या शेडसमोर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहायची. तो आत बसून वडापाव खायचा, पेपर वाचायचा, कधी झोपायचा. काही बोलायचा नाही, उतरायचाही नाही. मी आत सील मोजायचे आणि मोजणी चुकायची. एकदा मी तुम्हाला म्हटलं, अण्णा, तो जाईपर्यंत शटर अर्धं खाली घेऊ या. तुम्ही म्हणालात, "धूर कुठून जाईल मग?" आणि भट्टीजवळ जाऊन उभे राहिलात. तुमच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तो सगळा भट्टीचा नव्हता. शेजारचा सिंधी भंगारवाला एकदा येऊन हळूच सांगून गेला, "साईं, ये आदमी ठीक नहीं है. माफी माँग लो, बात खतम." तुम्ही त्याला चहा पाजलात आणि माफी कशाची मागायची ते विचारलंत.

हळूहळू कामं आटली. सीलची मोठी ऑर्डर देणाऱ्याने दुसरा माणूस बघितला. मग शेड बेकायदा असल्याची नोटीस आली. त्या गल्लीतल्या सगळ्याच शेड तशा होत्या, पण नोटीस आपल्याला आली. एका सकाळी पालिकेची माणसं आली आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळं पाडून गेली. तुम्ही फक्त साचे बाजूला काढून ठेवायला वेळ मागितलात. तो त्यांनी दिला. पत्रे खाली येत होते तेव्हा जीप पलीकडे उभी नव्हती. त्या दिवसानंतर ती पुन्हा दिसलीच नाही.

तुमची साक्ष झाली त्या सकाळी आईने तुमचा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. कॉलर दोनदा फिरवली आणि हातात दिला. निघताना माझ्या पर्समध्ये पोळीभाजीचा डबा टाकून म्हणाली, "वेळेवर खाऊ घाल त्यांना." कोर्टात त्याच्या वकिलाने तुम्हाला उलटं-सुलटं करून विचारलं. "म्हणजे हरणाला मारायची युक्ती तुम्हीच शिकवलीत?"

"हो."

"म्हणजे गुन्ह्यात तुम्हीही आहात?"

"ते कोर्टाने ठरवावं. मी सांगितलं ते खरं आहे."

"कुणा माणसाला लागेल असं वाटलं नव्हतं?"

"भेकराला लागेल असं वाटलं होतं. तेवढंही वाटायला नको होतं." न्यायाधीशांनी मान वर करून तुमच्याकडे पाहिलं. मी मागच्या बाकावर होते. मला तेव्हा तुमचा अभिमान वगैरे काही वाटला नाही, फक्त तुम्ही लवकर खाली उतरावं असं वाटत होतं. घरी आल्यावर आईने काय झालं ते माझ्याकडून शब्द न् शब्द वदवून घेतलं. मग पाण्याचा तांब्या घेऊन तुमच्यापाशी जाऊन बसली. त्या दिवसापासून ती शेजारणींना 'आमच्या ह्यांची केस' म्हणायला लागली.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. साक्षीनंतर दुसऱ्या पावसाळ्यात तुम्ही गेलात, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंतही थांबला नाहीत. आईने तुमच्या फोटोला हार घातला आणि त्याच आठवड्यात मला विचारलं, "केसचं काय होईल आता?" मी म्हटलं, साक्ष झाली आहे, ती राहते. ती म्हणाली, "मग ठीक."

जावयाची साक्ष त्यानंतर झाली. मी गेले होते, एकटीच. तो एक पाय ओढत आला. त्याच्यासोबत त्याची बायको होती आणि तिच्या बोटाला धरलेलं मूल. त्याने सांगितलं की तो कुंपणावरून पडला आणि सळई घुसली. गोळी कुठली, त्याला माहीत नाही. सासू म्हातारी झाली आहे, काहीही बोलते. सांगताना तो एकदाही म्हातारीकडे बघत नव्हता. जीपवाला सुटला. शिकारीचं म्हणाल तर भेकर कुणालाच सापडलेलं नव्हतं, त्यामुळे त्यातही काही उरलं नाही. निकाल ऐकून मी बाहेर व्हरांड्यात आले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिले.

म्हातारी शेजारी येऊन बसली. मला वाटलं ती रडेल, किंवा मी रडेन. ती म्हणाली, "त्येला जिमीन दिली त्यानं. येवढीशी. रोजगार बी देनार हाय. पोरगी बोलली, आये, आता गप बस." मग पिशवीतून तिने करवंदं काढली, पानात बांधलेली, आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तुजा बाप कुटंय? आला न्हाय?"

मी सांगितलं. खाली आवारात जीपवाल्याची माणसं पेढे वाटत होती. मग ती म्हणाली, "बंदूक नाय भेटली त्येला परत. परवाना काढून घेतला त्यो घेतलाच. रानात बार नाय आईकला मी तवापासनं. परवा पोरींनी भेकर बघितलं पान्यावर. पिल्लू व्हतं संगं." आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून लिहायला बसले. आता मी धातू तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. माझ्याकडे कुणी मिश्रण विचारायला आलं की मी आधी विचारते, कशासाठी? परवा एका तरुणाने त्यावर तोंड वाकडं केलं आणि नमुना उचलून निघून गेला. बिचाऱ्याला कदाचित कोळ्यांच्या जाळ्यांसाठीच पाहिजे असेल. तुम्ही असतात तर त्याला चहा पाजून थांबवून घेतलं असतंत. मला ते जमत नाही.

अण्णा, हे पत्र कुणाला द्यायचं नाही, घरात ठेवायचंही नाही, कारण आईला अजून वाचता येतं. निकालाच्या दिवशी मी घरी आले तेव्हा ती दारातच उभी होती. "काय झालं?" मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "तारीख पडली." त्यानंतर इतकी वर्षं मी तिला तारखाच देत आले आहे. तिला त्यात काही नवल वाटत नाही, कोर्टाचं असंच असतं असं ती शेजारणींनाही समजावते. गेल्या आठवड्यात पुन्हा विचारलं, "आमच्या ह्यांची केस कुठवर आली गं?" मी म्हटलं, सध्या कोर्टाला सुट्टी आहे, जूननंतर बघू.